गुंजेतले विष आणि पेशीचे मरण

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘वनस्पती आणि कर्करोग’ या विषयावर काही बोलावे, अशी आज्ञा मला झाली आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला, भाषा आणि इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही आणि हकीमही नाही. तरीही हा विषय मी आनंदाने स्वीकारला, त्याला कारण आहे. मुंब्रा, भिवंडी, कल्याण, ठाणे या आपल्या परिसरात ज्या घरात हा रोग शिरतो, त्या घरात आठ दिवसांच्या आत कोणीतरी एखाद्या पाल्याचे, बियाचे किंवा सालीचे नाव घेऊन येतो. “अमुक झाडावर संशोधन झाले आहे, त्याने कर्करोगाच्या पेशी मरतात,” असे तो सांगतो. हे सांगणे पूर्णपणे खोटे नसते, आणि म्हणूनच ते धोक्याचे असते. त्यातले खरे किती आणि ते कुठवर खरे, एवढेच आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

प्रारंभ एका ओळखीच्या बीपासून करू. गुंज आपण सर्वांनी पाहिली आहे. लालभडक बी आणि एका टोकाला काळा ठिपका. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी तिला घुंगची किंवा रत्ती म्हणतात. सोनाराच्या तराजूत पिढ्यान्‌पिढ्या हीच बी वजन म्हणून बसली. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक आपल्या आजोबांना तोंडपाठ असे. म्हणजे एका तोळ्यात शहाण्णव गुंजा. या इवल्याशा बियांत ॲब्रिन नावाचे एक प्रथिन असते, आणि ते जगातील अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. अख्खी बी गिळली गेली तर तिच्या टणक कवचामुळे ती पुष्कळदा तशीच बाहेर पडते. परंतु बी चावली किंवा कुटली गेली तर प्राणावर बेतते. इंग्रजी अमदानीत कातड्याच्या लोभाने दुसऱ्याची गुरे मारणारे लोक गुंजेची पूड मळून तिच्या सुया करीत आणि त्या जनावराच्या अंगात टोचीत, अशा नोंदी आहेत. या गुंजेचा सख्खा भाऊ शोभेल असा दुसरा विषारी गडी म्हणजे एरंड. रेल्वेच्या रुळांलगत आणि पडीक जागेत तो आपोआप उगवतो. त्याच्या बीमध्ये रायसिन नावाचे प्रथिन आहे. एरंडेल तेलात ते उतरत नाही, म्हणून तेल औषधी आणि पेंड विषारी, असा प्रकार होतो.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, विषयाचे नाव कर्करोग आणि आपण विषाच्या गोष्टी सांगता. पण दोन्हींचा संबंध फार जवळचा आहे. तो कळण्यासाठी आधी पेशी कशी मरते हे समजून घेतले पाहिजे.

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनले आहे आणि त्यांपैकी असंख्य पेशी दररोज मरतात. हे मरण रोगाचे नसून आरोग्याचे आहे. जुनी पेशी जाते, नवी येते. गर्भात मुलाचा हात तयार होतो तेव्हा बोटांच्या मधल्या पेशी मरतात, म्हणून तर आपली बोटे सुटी होतात. या शिस्तबद्ध मरणाला १९७२ साली कर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी ‘अपोप्टोसिस’ असे नाव दिले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ झाडाची पाने गळणे. किती समर्पक नाव आहे पाहा! पानगळीत झाड मरत नाही, उलट ते जगावे म्हणून पाने गळतात. अशा मरणात पेशी आक्रसते, आपल्या आतील सामानाची आपणच लहान लहान गाठोडी बांधते आणि शेजारच्या पेशी ती गुपचूप गिळून टाकतात. हे काम करणारी कात्रीसारखी काही प्रथिने पेशीत असतात. त्यांना कॅस्पेझ म्हणतात. वेळ आली की ही कात्री चालू लागते.

कर्करोगाची पेशी ही पान गळू न देणारी पेशी होय. तिला “आता तुझी वेळ झाली” असा निरोप येतो, पण ती तो मानत नाही. पी-५३ नावाचे एक प्रथिन पेशीच्या मरणाचा हुकूम काढते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत त्याचा जनुकच बिघडलेला सापडतो. काही कर्करोगांत बीसीएल-२ नावाचे प्रथिन वाजवीपेक्षा जास्त तयार होते आणि कात्री चालू देत नाही. आपली पुष्कळशी औषधे आणि किरणोपचार पेशीला याच पानगळीच्या वाटेने मरावयास लावतात. ती वाटच बंद झाली की औषध लागू पडेनासे होते. पहिल्या खेपेस गाठ विरघळली, पण दुसऱ्या खेपेस औषधाने दाद दिली नाही, असे डॉक्टर सांगतात, त्यामागे असलेल्या अनेक कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे.

यावरून शास्त्रज्ञांच्या मनात एक साधा प्रश्न आला. पुढचे दार बंद आहे, तर घराला मागचे दार आहे काय? म्हणजे कॅस्पेझची कात्री न वापरताही पेशी मारता येईल काय?

मागची दारे आहेत, आणि ती एकाहून अधिक आहेत, असे गेल्या काही दशकांत दिसून आले. एका प्रकारात पेशी आक्रसण्याऐवजी फुगते, तिच्या पापुद्र्याला भोके पडतात आणि ती फुटते. जखम किंवा भाजणे यांमुळे पेशी अशीच फुटते. परंतु हे फुटणेसुद्धा पेशीच्या आतून ठरवून घडू शकते, हे कळले तेव्हा १९०० ते २००० या शतकातील समज बदलला. २००५ साली या ठरवून घडणाऱ्या फुटण्याला ‘नेक्रोप्टोसिस’ असे नाव मिळाले. लोहाच्या साहाय्याने पेशीतील स्निग्ध पदार्थ जणू गंजतात आणि पेशी मरते, असा आणखी एक प्रकार २०१२ साली नोंदला गेला. त्याला ‘फेरोप्टोसिस’ म्हणतात. पेशी स्वतःचेच भाग पचवू लागते आणि ते पचविणे हाताबाहेर गेले की मरते, असाही एक प्रकार आहे. पानगळीत सारे गुपचूप होते. पेशी फुटली की मात्र आतला ऐवज बाहेर सांडतो आणि शरीराचे संरक्षक दल जागे होते. कर्करोगाच्या पेशीच्या बाबतीत हा गलबला कधी कधी उपकारक ठरू शकतो, कारण लपून बसलेला चोर त्यामुळे पहारेकऱ्यांच्या नजरेस पडतो. पण हाच गलबला वाढला तर आजूबाजूच्या निरोगी भागालाही सूज येते. ही दुधारी तलवार आहे.

आता आपली गुंज पुन्हा हातात घेऊ. ॲब्रिन आणि रायसिन या दोन्ही प्रथिनांची रचना सारखी आहे. दोन साखळ्या एका दुव्याने जोडलेल्या असतात. एक साखळी पेशीच्या बाहेरील साखरेला चिकटते आणि दुसरीला आत शिरण्याची वाट करून देते. आत शिरलेली साखळी थेट रायबोसोमवर जाते. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिने बनविणारा माग. भिवंडीकरांना हा दृष्टांत लगेच पटेल. ही साखळी सगळा माग मोडत बसत नाही. मागातील एक नेमका खिळा, म्हणजे ॲडेनिन नावाचा एक घटक, उपटून काढते आणि माग कायमचा बंद पडतो. हा खिळा कोणता, हे १९८७ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. एक रेणू एका मिनिटात हजाराहून अधिक माग बंद पाडू शकतो. कारखाना बंद पडला की पेशी मरते.

पण कोणत्या दाराने मरते? गंमत आणि गांभीर्य दोन्ही इथेच आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ॲब्रिनवर अनेक वर्षे काम झाले. तेथील प्रयोगांत टी-पेशींच्या रक्तकर्करोगातून वाढविलेल्या ‘जुरकॅट’ नावाच्या पेशी ॲब्रिनमुळे पानगळीच्या वाटेने मेल्या. परंतु मज्जेतील मायलोमा या कर्करोगातून वाढविलेल्या ‘यू-२६६’ पेशी मात्र ठरवून फुटण्याच्या वाटेने मेल्या. हा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. विष एकच, पण दोन प्रकारच्या पेशी आणि दोन प्रकारची मरणे! त्याच सुमारास, २००९ साली, इटलीतील बोलोन्या येथील संशोधकांनी साबणवेलीसारख्या एका युरोपीय झाडातील सॅपोरिन या प्रथिनाची रायसिनशी तुलना केली. लिम्फोमाच्या पेशींत ही प्रथिने मरणाच्या एकाहून अधिक वाटा एकाच वेळी उघडतात, आणि त्यांचा वेग व जोर वेगवेगळा असतो, असे त्यांना आढळले.

आणखी एक उदाहरण आपल्या परसातले आहे. अबईच्या शेंगा आपण भाजीत खातो. त्याच कुळातील शेंगेच्या बीमध्ये कॉनकॅनाव्हॅलिन नावाचे प्रथिन असते. अमेरिकेतील जेम्स समनर या शास्त्रज्ञाने १९१९ साली त्याचे स्फटिक मिळविले. विद्यार्थी मित्रांनो, हा समनर सतरा वर्षांचा असताना शिकारीतील अपघातात आपला डावा हात गमावून बसला होता. “एका हाताने रसायनशास्त्र व्हायचे नाही, तू कायदा शीक,” असा सल्ला त्याला हार्वर्डमध्ये मिळाला. त्याने तो ऐकला नाही, आणि १९४६ साली त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या या प्रथिनाने यकृताच्या कर्करोगाच्या पेशी स्वतःलाच पचवू लागतात आणि मरतात, असे तैवानमधील संशोधकांनी २००७ साली दाखविले. उंदरांच्या यकृतातील गाठीही त्यामुळे कमी झाल्या. बातमी इथपर्यंत आली की आपल्याकडे लगेच “अबई खा, कर्करोग पळवा” असा प्रचार सुरू होतो. पण त्या बातमीची दुसरी बाजूही ऐका. हेच प्रथिन निरोगी उंदराला टोचून त्याच्या यकृताला मुद्दाम सूज आणतात आणि तिचा अभ्यास करतात. ही पद्धत १९९२ पासून प्रयोगशाळांत रूढ आहे. म्हणजे जे प्रथिन यकृतातील गाठ मारते, तेच यकृतालाही मारू शकते.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. काचेच्या बशीत पेशी मारणे आणि माणसाच्या शरीरातील रोग बरा करणे यांत फार मोठे अंतर आहे. बशीत नुसते मीठ वाढविले तरी कर्करोगाच्या पेशी मरतील, फिनेल ओतले तरी मरतील. खरा प्रश्न असा की, रोगी पेशी मरावी आणि शेजारची निरोगी पेशी जगावी, हे साधता येते काय? ॲब्रिन किंवा रायसिन यांना आपपरभाव नाही. ज्या साखरेला ती चिकटतात, ती निरोगी पेशीवरही असते. म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती काढली. चिकटणारी साखळी काढून टाकावी आणि विषारी साखळी अशा प्रतिद्रव्याला जोडावी, की जे फक्त कर्करोगाच्या पेशीचा पत्ता ओळखील. टपालावर नेमका पत्ता लिहावा तसे हे आहे. १९८० च्या दशकापासून यावर माणसांमध्ये चाचण्या झाल्या. त्यांत दोन अडचणी आल्या. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपू लागून अंगावर सूज येई, आणि शरीर या परक्या वनस्पती-प्रथिनाविरुद्ध स्वतःच प्रतिकार उभा करी. त्यामुळे गुंज किंवा एरंड यांच्या विषापासून केलेले औषध अजूनही रुग्णालयातील नित्याच्या उपचारांत आलेले नाही. प्रयत्न चालू आहेत आणि ते चालू राहिले पाहिजेत. पण प्रयत्न म्हणजे औषध नव्हे.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रथिन तोंडावाटे घेतले की ते पोटात पचते. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन टोचूनच का देतात? ते प्रथिन आहे, गोळी करून दिले तर वरणातल्या प्रथिनासारखे पचून जाईल, म्हणून. उष्णतेनेही प्रथिनाचा गुण जातो. राजमा रात्रभर भिजवून, पाणी टाकून, खळखळून उकळावा लागतो, कारण कच्च्या राजम्यातले प्रथिन ओकाऱ्या आणते आणि उकळल्यावर निरुपद्रवी होते. तेव्हा कारल्यातील एखाद्या प्रथिनाने बशीतली कर्करोगाची पेशी मेली, म्हणून कारल्याचा रस पिऊन ते प्रथिन जबड्यातील गाठीपर्यंत पोहोचेल, हा हिशेब चुकतो. कारले जरूर खावे, पण ते भाजी म्हणून.

मग वनस्पतींपासून कर्करोगावर औषधे मिळालीच नाहीत काय? मिळाली आहेत, आणि त्यांत आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. मात्र ती औषधे प्रथिनांची नसून लहान रेणूंची आहेत. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधे मिळाली. मनसुख वाणी हे खानदेशातील नंदुरबारचे. १९२५ साली तेथे त्यांचा जन्म झाला आणि मुंबई विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकले. पुढे अमेरिकेत मनरो वॉल यांच्याबरोबर काम करीत असताना त्यांनी चीनमधील एका झाडातून १९६६ साली कॅम्प्टोथेसिन आणि यू वृक्षाच्या सालीतून १९७१ साली टॅक्सॉल या रेणूंची रचना जगापुढे मांडली. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही आहे, हे १९७२ साली कळले. आता हिशेब पाहा. टॅक्सॉलची रचना १९७१ ची, आणि अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळाली १९९२ साली. मध्ये एकवीस वर्षे गेली. मात्रा किती, विषबाधा कुठे, कोणत्या कर्करोगाला लागू आणि कोणत्याला नाही, हे ठरविण्यात ती गेली. नरक्याची साल उगाळून पिणाऱ्याच्या हातात या एकवीस वर्षांपैकी एक दिवसही नसतो.

दुसरे नाव डॉ. कमल रणदिवे यांचे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या विदुषीने मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, शरीराबाहेर पेशी वाढविण्याची आपल्या देशातील पहिली प्रयोगशाळा उभी केली. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. तिने संशोधनाची वाट धरली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांनी १९७३ साली ज्या भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तिची वास्तू आपल्या ठाणे जिल्ह्यातच, वाशीला आहे. ज्या पालकांना मुलीला दहावीनंतर विज्ञान शाखेत घालावे की नाही असा प्रश्न पडतो, त्यांनी एकदा तिला घेऊन तिकडे जाऊन यावे. इतके बोलून मी तो प्रश्न आपल्यावर सोपवितो.

शेवटी एक कटु अनुभव सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या गालाच्या आतल्या बाजूस जखम होती. ती महिना झाला तरी भरेना. कोणीतरी झाडपाल्याची पूड दिली. ती चार महिने चालली. मुलगा मला विचारी, “सर, त्या पुडीवर संशोधन झाले आहे ना?” वडील रुग्णालयात गेले तेव्हा जखम जबड्यापर्यंत पोहोचली होती. डॉक्टरांनी केले ते सर्व केले. पण चार महिने कोणालाच परत देता आले नाहीत. त्या मुलाने पुढे शाळा सोडली. म्हणून आज इतके बोललो.

तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. आपल्या उंबरठ्याच्या आत ती आपणच घातली पाहिजे, आणि तिच्यात तंबाखू व सुपारीही आली पाहिजे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून चालू आहे, कल्याणहून लोकलने जाण्यासारखे आहे. पैशाची अडचण असेल तर तेथील समाजकार्य विभागात विचारावे, लाजू नये. आणि कोणी पुडी आणून दिलीच, तर ती खिशात घालून डॉक्टरांकडे न्यावी आणि ‘हे घेऊ का’ असे विचारावे. लपवू नये, कारण चालू औषधाशी तिचा विरोध असू शकतो. घरात गुंजांची माळ असेल तर ती लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

अरबीत या रोगाला ‘सरतान’ म्हणतात, म्हणजे खेकडा. ग्रीकांनीही त्याला खेकडाच म्हटले, आणि आपल्या कर्करोगातला कर्कही तोच. साऱ्या जगाने एकाच शत्रूला एकाच नावाने ओळखले आहे. इब्न सिना यांनी हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात त्याची लक्षणे लिहिली, ती रोग्याला पाहून आणि तपासून. पाहावे, तपासावे आणि मग मानावे, ही रीत त्यांची होती आणि तीच आजच्या प्रयोगशाळेचीही आहे. विद्यार्थी मित्रांनो, पेशीची मागची दारे अजून पुरती उघडलेली नाहीत. ती उघडणारे हात ठाणे-कल्याणच्या शाळांतून का जाऊ नयेत?